रूट ६६ दोघांनी: शिकागो ते सांता मोनिका, पंधरा दिवसांचं नियोजन आणि वाटेतले विलक्षण थांबे

शिकागोहून लॉस एंजेलिसला आंतरराज्य महामार्गांनी जायचं तर अंतर साधारण दोन हजार मैल. दोघांनी आलटूनपालटून गाडी चालवली तर चार दिवसांत पोचता येतं. जुन्या रूट ६६ ची लांबी २,४४८ मैल, म्हणजे सुमारे ३,९४० किलोमीटर, आणि त्याला दोन आठवडे लागतात. हे जास्तीचे दिवस रस्त्याकडेच्या थांब्यांसाठी असतात: तळ्यात पहुडलेला निळा देवमासा, शेतात नाक खुपसून उभ्या दहा कॅडिलॅक, मुद्दाम तिरकी उभी केलेली पाण्याची टाकी. ते वगळायचे असतील तर या रस्त्याने जाण्यात अर्थ नाही.

हे थांबे का आहेत हे कळलं की नियोजन कसं करायचं तेही कळतं. ११ नोव्हेंबर १९२६ ला सुरू झालेला हा रस्ता आठ राज्यांतून, शेकडो गावांच्या मधोमध जात होता. प्रत्येक गावात पंप, मोटेल, खानावळ. समोरून जाणाऱ्या गाडीवाल्याचं लक्ष वेधायला काही सेकंदच मिळायचे, म्हणून दारात अवाढव्य पुतळा, निऑनची पाटी, काहीतरी चक्रम उभं करायचं. पुढे शेजारून चौपदरी महामार्ग गेले, गावं बाजूला पडली आणि २७ जून १९८५ ला या रस्त्याचा अधिकृत क्रमांकही काढून घेतला गेला. जे उरलं ते छोट्या मालकांनी आणि गावकऱ्यांनी हट्टाने राखलेलं आहे. त्यामुळे यातल्या बऱ्याच जागा रोज उघड्या नसतात, फलकावर लिहिलेली वेळ पाळतातच असं नाही आणि पाच वाजता बंद होतात. वेळापत्रक याभोवतीच बांधावं लागतं.

आधी थांबे, मग मैल

पहिली पायरी: दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर आपापल्या दहा जागा लिहा. दोन्ही याद्यांत आलेल्या जागा पक्क्या. उरलेल्यांतून प्रत्येकाला तीन हक्काच्या जागा, त्यावर दुसऱ्याने वाद घालायचा नाही. हे निघण्यापूर्वी ठरलेलं बरं, कारण रस्त्यावर उन्हात, भुकेच्या वेळी हा निर्णय नीट होत नाही.

दुसरी पायरी: प्रत्येक जागेसमोर चार गोष्टी लिहा. बंद असण्याचा वार, बंद होण्याची वेळ, गाडी कुठे लावायची, स्वच्छतागृह आहे की नाही. सोमवार-मंगळवारी बंद राहणाऱ्या जागा पुष्कळ, आणि नोव्हेंबर ते मार्च तर काही जागा उघडतच नाहीत.

तिसरी पायरी: दिवसाला एक मोठा थांबा (दीड तास), दोन मधले (अर्धा-पाऊण तास) आणि दोन-चार दहा मिनिटांचे. जुन्या रस्त्यावर गावं, सिग्नल, वळणं धरून सरासरी ताशी ३५ मैलच पडते. १८० मैल म्हणजे पाच तास स्टिअरिंगवर, तीन-साडेतीन तास थांबे, एक तास जेवण. सकाळी आठला निघालात तर पाच-साडेपाचपर्यंत मुक्कामी. म्हणून दिवसाची मर्यादा १८० मैल धरा. दोन-तीन टप्पे यापेक्षा लांब आहेत, पण तिथे बराचसा रस्ता नाइलाजाने महामार्गावरूनच जातो.

बहुतेकांची सहल चौथ्या-पाचव्या दिवशी विस्कटते. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक पुतळ्यापाशी तास घालवलेला असतो, ती भरपाई करायला एका दिवसात तीनशे मैल ओढले जातात, मुक्कामाला अंधारात पोचणं होतं आणि दुसऱ्या दिवशी दोघंही थकलेले. मागे पडलात तर सरळ महामार्गावर चढा, एक तुकडा सोडून द्या आणि वेळापत्रकावर परत या. सोडायचाच तर मिझुरीतला सेंट लुईस ते क्यूबा किंवा न्यू मेक्सिकोतलं गॅलप ते ॲरिझोनातलं होलब्रुक हा भाग सोडावा. ओक्लाहोमातला एकही मैल सोडू नये.

दिशा पूर्वेकडून पश्चिमेकडे ठेवा. मोटेलं, फलक, नकाशे सगळे त्याच क्रमाने लावलेले आहेत. तोटा एकच, दुपारी चारनंतर सूर्य थेट डोळ्यांत येतो. दोघांना चांगले गॉगल हवेत, काच आतून पुसलेली हवी, आणि साडेचारनंतर लांबचा टप्पा ठेवू नका.

महिना सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर सर्वांत चांगला. एप्रिल-मे मध्ये ओक्लाहोमा आणि टेक्सासच्या उत्तर भागात टॉर्नेडोंचा मोसम असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मोहावी वाळवंट ४५ अंशांच्या पुढे जातं आणि ॲरिझोनात अचानक पूर येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी फ्लॅगस्टाफला, सुमारे सात हजार फुटांवर, बर्फ. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अल्बुकर्कीत गरम हवेच्या फुग्यांचा महोत्सव असतो, तेव्हा तिथली खोली अनेक महिने आधी ठरवा. २०२६ हे रस्त्याच्या शताब्दीचं वर्ष असल्याने नावाजलेली जुनी मोटेलं लवकर भरतात.

लायसन्स, गाडी, विमा

भारतातून येणाऱ्यांनी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज, सोबत पासपोर्ट, व्हिसा आणि चालू लायसन्स. तो एक वर्ष चालतो आणि भारतातच मिळतो, अमेरिकेत पोचल्यावर काढता येत नाही. महाराष्ट्राचं स्मार्टकार्ड इंग्रजीत असल्याने बऱ्याच भाडेकंपन्या त्यावरच गाडी देतात, तरी मूळ कार्ड आणि परवाना दोन्ही जवळ हवेत. मोबाइलमधली प्रत चालेल असं धरू नका.

गाडी घेताना 'एका शहरात उचलून दुसऱ्या शहरात सोडणे' असंच शोधा. त्याचं वेगळं शुल्क लागतं आणि ते कंपनीनुसार फार बदलतं, कधी कधी तर भाड्याइतकंच. 'अमर्याद मैल' असं करारात लिहिलेलं हवं. दुसऱ्या चालकाचं नाव करारावर हवंच. अनेक कंपन्या पती किंवा पत्नीसाठी वेगळे पैसे घेत नाहीत, पण नाव न टाकता जोडीदाराने गाडी चालवली आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. वय पंचविसाच्या आत असेल तर रोजचा जादा आकार लागतो. क्रेडिट कार्ड चालकाच्या नावावर हवं. डेबिट कार्डावर अनेक ठिकाणी गाडी मिळत नाही.

विम्याचे दोन भाग वेगळे समजून घ्या. एक, भाड्याच्या गाडीचं नुकसान. दोन, तुमच्याकडून दुसऱ्याचं झालेलं नुकसान. दुसऱ्या भागाची रक्कम अमेरिकेत भयंकर मोठी होऊ शकते, म्हणून तो विमा पुरेशा रकमेचा घ्याच. पैसे वाचवण्याची ती जागा नाही.

मध्यम आकाराची सेडान पुरते. पाहायचं ते एवढंच, की दोन मोठ्या बॅगा डिकीत पूर्ण झाकल्या जातात का. थांब्यांवर सामान दिसत राहिलं तर काच फुटते. डिकीचा तळ उचलून स्टेपनी आहे का बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनी नसते, फक्त हवा भरायचा पंप आणि सीलंटची बाटली असते. टायरची बाजू फाटली तर त्या बाटलीचा उपयोग नाही. स्टेपनीवाली गाडी मागून घ्या. करारात कच्च्या रस्त्यावर बंदी असते हेही लक्षात ठेवा. तिथे अडकलात तर मदतीचा खर्च तुमचा.

गाडी निघायच्या दिवशी सकाळी उचला. शिकागोच्या मध्यभागी रात्रीच्या पार्किंगला मोटेलच्या खोलीच्या निम्मे पैसे जाऊ शकतात. ताब्यात घेताना चारही बाजू, छप्पर, चाकं, काच आणि इंधनाचा काटा यांचा सलग व्हिडिओ काढा.

पंप, नियम, पोलीस

पंपावर कार्ड घातलं की यंत्र पाच आकडी पोस्टल पिन मागतं आणि भारतीय कार्ड तिथे अडतं. आत जा, पंपाचा क्रमांक आणि रक्कम सांगा, 'चार नंबर, चाळीस डॉलर'. उरलेले पैसे कार्डावर परत जातात. साध्या पेट्रोलवर ८७ हा ऑक्टेनचा आकडा असतो. न्यू मेक्सिकोसारख्या उंच भागात सर्वांत स्वस्त नळीवर ८५ किंवा ८६ दिसेल, तिथेही ८७ च घ्या. हिरव्या मुठीची नळी बहुधा डिझेलची असते. आडवाटा धरून तीन हजार मैल आणि गॅलनला तीस मैल धरले तर शंभर गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर लागेल.

उजव्या बाजूने चालवण्याची सवय तासाभरात होते. चूक होते ती रिकाम्या पार्किंगमधून बाहेर पडताना आणि डावीकडे वळताना. शेजारी बसलेल्याने या दोन्ही वेळी मोठ्याने 'उजवीकडे राहा' म्हणायचं, अगदी रोज. लाल सिग्नलला पूर्ण थांबून, फलक मनाई करत नसेल तर, उजवीकडे वळता येतं. चारही बाजूंना 'स्टॉप' असेल तिथे जो आधी थांबला तो आधी जातो, आणि थांबणं म्हणजे चाक पूर्ण स्थिर. पिवळी शाळेची बस लाल दिवे लावून उभी असेल तर दुपदरी रस्त्यावर समोरून येतानाही थांबायचं. छोट्या गावांच्या वेशीवर वेगमर्यादा एकदम ५५ वरून ३० वर येते आणि पोलिसांची गाडी बहुधा तिथेच उभी असते. मागे दिवे लागले की उजवीकडे सुरक्षित जागी थांबा, गाडीतून उतरू नका, हात स्टिअरिंगवर ठेवा, कागद मागितल्यावरच काढा.

ओक्लाहोमातल्या टोलरस्त्यांवर रोख घेत नाहीत. नंबरप्लेटवरून बिल भाडेकंपनीकडे जातं आणि कंपनी वर आपलं शुल्क लावते. नकाशात 'टोल टाळा' हा पर्याय पहिल्याच दिवशी लावून टाका. जुना रस्ता पूर्ण मोफत आहे.

वाट कशी धरायची

मोबाइलच्या नकाशात 'लॉस एंजेलिस' टाकलंत की तो तुम्हाला महामार्गावर नेऊन सोडणार. प्रत्येक दिवसाचे आठ-दहा टप्पे, म्हणजे गाव, पूल, चौक, स्वतः टाकून ठेवा, आणि ते क्षेत्र ऑफलाइन उतरवून घ्या. सेलिगमन ते किंगमन आणि मोहावीत मैलोन्‌मैल रेंज नसते. सोबत वळणावळणाची दिशा सांगणारं रूट ६६ चं छापील पुस्तक हवंच, कारण या रस्त्याचे वेगवेगळ्या काळातले फाटे आहेत. उदाहरणार्थ न्यू मेक्सिकोत १९३७ च्या आधीचा रस्ता सांता फेवरून जात होता, नंतरचा थेट अल्बुकर्कीला. तपकिरी 'हिस्टॉरिक रूट ६६' पाट्या मदतीला आहेत, पण चोरीला जातात. पाटी दिसली नाही म्हणून चुकलो असं धरू नका.

कामाची वाटणी अशी ठेवा: एकजण चालवतो, दुसरा वाट बघतो, पाणी देतो, फोन हाताळतो. चालकाने फोनला हात लावायचा नाही. दीड तासाने अदलाबदल. वाट बघणाऱ्याने वळण अर्धा मैल आधी सांगायचं आणि वळण चुकलं तर 'पुढच्या गावात फिरू' एवढंच म्हणायचं. अचानक ब्रेक लावणं हा या रस्त्यावरचा खरा धोका आहे.

पहिले चार दिवस: शिकागो ते मायामी

सुरुवातीची पाटी शिकागोत ॲडम्स स्ट्रीटवर, मिशिगन अव्हेन्यूजवळ आहे. रविवारी सकाळी सात-आठला निघा, शहरातून बाहेर पडणं सोपं जातं. विल्मिंग्टनला हातात रॉकेट धरलेला फायबरग्लासचा हिरवा राक्षस, जेमिनाय जायंट. तो आता गावच्या बागेत हलवला आहे, जुन्या पत्त्यावर शोधू नका. पाँटिॲकचं संग्रहालय हा दिवसाचा मोठा थांबा. अटलांटा नावाच्या छोट्या गावात हातात हॉटडॉग धरलेला पुतळा. मुक्काम स्प्रिंगफिल्ड, सुमारे २०० मैल.

दुसऱ्या दिवशी ऑबर्नजवळ १९३१ चा विटांचा रस्ता, जेमतेम दीड मैल. ओला असेल तर विटा निसरड्या होतात, ताशी वीसच्या वर जाऊ नका. मग मिसिसिपीवरचा चेन ऑफ रॉक्स पूल. हा १९२९ चा पूल मध्येच वाकलेला आहे आणि आता फक्त पायी-सायकलने ओलांडता येतो. लांबी सुमारे एक मैल, जाऊन-येऊन तास. गाडी इलिनॉयच्या बाजूला लावा, पासपोर्ट आणि पैसे अंगावर ठेवा. इथे काचा फोडून चोऱ्या झालेल्या आहेत. मुक्काम सेंट लुईस.

तिसऱ्या दिवशी मिझुरीतल्या क्यूबाची भित्तिचित्रं आणि पुढे फॅनिंगची ४२ फुटी झुलती खुर्ची. जगातली सर्वांत मोठी हा मान तिने गमावला, मग तिला लाल रंग देऊन 'रेड रॉकर' असं नाव दिलं. दहा मिनिटं पुरतात. मुक्काम लेबनन. चौथ्या दिवशी कॅन्ससचे अवघे १३ मैल येतात. त्यातला १९२३ चा कमानीचा पांढरा रेनबो ब्रिज चुकवू नका, तो गाडीने ओलांडता येतो. मुक्काम ओक्लाहोमातलं मायामी.

ओक्लाहोमा: इथे हळू व्हा

पाचवा दिवस फक्त ९० मैलांचा, मुद्दाम. मायामी आणि ॲफ्टनच्या मध्ये १९२० च्या दशकाच्या सुरुवातीचा नऊ फूट रुंदीचा रस्ता आहे, त्याला फूटपाथ हायवे म्हणतात. पैसे कमी म्हणून दुपदरीऐवजी एकपदरीच बांधला असं सांगितलं जातं. तुमची गाडी सहा फूट रुंद, म्हणजे समोरून कुणी आलं तर दोघांनीही एक-एक बाजू खडीत उतरवायची. ताशी पंधरा-वीस मैल, आणि आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर हा तुकडा सोडा, कडेचा चिखल गाडी ओढतो.

फॉइलजवळ एड गॅलोवे यांनी १९३७ ते १९४८ या काळात उभारलेला ९० फुटी टोटेम स्तंभ, कासवाच्या पाठीवर उभा. एका निवृत्त शिक्षकाने काँक्रीट आणि सळ्यांतून हे केलं. जवळ जाऊन कोरीवकाम बघा, पाऊण तास द्या.

मग कटूसाचा निळा देवमासा. ह्यू डेव्हिस यांच्या पत्नी झेल्टा देवमाशांच्या छोट्या मूर्ती जमवत. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून डेव्हिस यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तळ्यात ८० फूट लांबीचा काँक्रीटचा देवमासा बांधला, त्याच्या तोंडातून आत जाता येतं. अख्ख्या रस्त्यावर दोघांनी मिळून बघायची हीच सर्वांत गोड जागा आहे. प्रवेश मोफत, पोहायला बंदी. देणगीच्या पेटीत टाकायला सुटे डॉलर जवळ ठेवा.

मुक्काम टल्सा. सहाव्या दिवशी आर्केडियाचं १८९८ चं गोल कोठार आणि जवळच ६६ फुटी सोड्याची बाटली. आत शेकडो चवींचे सोडे मिळतात. मुक्काम क्लिंटन, तिथलं रूट ६६ संग्रहालय संपूर्ण मार्गावरचं सर्वांत नीट मांडलेलं.

टेक्सास, न्यू मेक्सिको

ग्रूमची तिरकी टाकी दिसल्यावर अनेकजण मदतीला धावायचे. ती मुद्दाम तिरकी उभी केली होती, ट्रकथांब्याची जाहिरात म्हणून. श्यामरॉकचा १९३६ चा यू-ड्रॉप इन पंप संध्याकाळी निऑन लागल्यावर बघण्यासारखा आहे, पण त्यासाठी श्यामरॉकलाच मुक्काम करावा लागेल. नाहीतर दिवसा बघून ॲमारिलो गाठा.

कॅडिलॅक रँच (१९७४) आठव्या दिवशी सकाळी करा. गाड्यांवर रंग फवारायला मुभा आहे. दोन डबे पुरे, ते आदल्या संध्याकाळी गावातल्या दुकानातून घ्या. इथे वारा जोराचा असतो: पाठीवर वारा घेऊन उभे राहा, जोडीदाराला वाऱ्याच्या दिशेला उभं करू नका. जुने कपडे, जुने बूट घाला. गाड्यांवरचा ताजा रंग कपड्यांना लागतो, तिथून भाड्याच्या गाडीच्या सीटला, आणि त्या डागाचे पैसे तुमच्याकडून वसूल होतात. परत बसताना सीटवर वर्तमानपत्र किंवा जुनी चादर अंथरा. पावसानंतर गाड्यांभोवती डबकी साचतात, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. रिकामे डबे कचरापेटीतच टाका.

एड्रियनला मध्यबिंदूची पाटी: इकडे १,१३९ मैल, तिकडे १,१३९ मैल (हे मैल नंतरच्या आखूड झालेल्या मार्गाचे, म्हणून बेरीज २,४४८ येत नाही). ग्लेनरियो हे ओसाड गाव सीमेवर आहे. तिथून सॅन जॉनकडे जाणारा जुना रस्ता कच्चा आहे, भाड्याच्या गाडीने जाऊ नका, आय-४० (आंतरराज्य महामार्ग क्रमांक ४०) धरा. सीमा ओलांडली की घड्याळ तासाने मागे. ऑक्टोबरात ॲरिझोनात शिरताना आणखी एक तास मिळतो, कारण ते राज्य उन्हाळी वेळ पाळत नाही. कॅलिफोर्नियात मग बदल नाही.

टुकुमकरीचा मुक्काम हा सहलीचा कळस करा. १९३९ चं ब्लू स्वॅलो मोटेल १९५८ मध्ये फ्लॉइड रेडमन यांनी लिलियन यांना वाङ्‌निश्चयाची भेट म्हणून दिलं आणि लिलियन यांनी ते पुढे कित्येक दशकं चालवलं. खोल्या थोड्याच, म्हणून बाकी सगळी सहल या तारखेभोवती बसवा. सूर्यास्ताआधी अर्धा तास पोचा. निऑन आकाशात थोडा निळा प्रकाश असतानाच खुलतं, पूर्ण अंधारात फोटो नुसता चमकतो.

नववा दिवस अल्बुकर्की, वाटेत सांता रोझाचं ब्लू होल, ८१ फूट खोल. पाणी बारमाही १६ अंशांच्या आसपास, उडी मारण्याआधी पाय आणि छाती भिजवा. तिहेरासजवळ चाकांखाली सूर वाजवणारा रस्ता प्रसिद्ध होता. त्याचे पट्टे झिजले, आता वाजत नाही, त्यासाठी वाट वाकडी करू नका. दहावा दिवस विश्रांतीचा ठेवा: कपडे धुणं, झोप, आणि दोघांनी दोन-तीन तास वेगवेगळं हिंडणं. दहा दिवस एका डब्यात बसल्यावर ते लागतंच.

ॲरिझोना आणि वाळवंट

अकराव्या दिवशी पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये आय-४० च्या बाजूने शिरा. जुन्या रस्त्याच्या खुणेवर १९३२ ची गंजलेली स्टुडबेकर ठेवली आहे. दगड झालेल्या लाकडाचा खडाही उचलू नका, गुन्हा आहे. फाटक संध्याकाळी बंद होतं. होलब्रुकला विगवॅम मोटेल: काँक्रीटचे पंधरा शंकूच्या आकाराचे तंबू, १९५० चे. आत खोली लहान, मोठ्या बॅगा डिकीतच ठेवा.

बारावा दिवस विल्यम्सपर्यंत. महामार्गाने सर्वांत शेवटी बाजूला टाकलेलं गाव हे, १३ ऑक्टोबर १९८४. इथून ग्रँड कॅन्यन साठ मैल. जायचं तर एक दिवस वाढवा आणि परदेशी पर्यटकांसाठीचा जादा आकार आधी बघून घ्या. तेराव्या दिवशी पुढे सेलिगमन. एंजल डेल्गाडिलो या न्हाव्याने १९८७ मध्ये गावकऱ्यांना जमवून ॲरिझोनाची रूट ६६ संघटना उभी केली, आणि हा रस्ता आज पाट्यांसकट शाबूत आहे तो त्या धडपडीमुळे. इथे काहीतरी विकत घ्याच. सेलिगमन ते किंगमन ८७ मैल सलग जुना रस्ता.

चौदावा दिवस सर्वांत अवघड. किंगमनला टाकी फुल्ल करा, कारण सीमेपलीकडे नीडल्सला पेट्रोल फार महाग. ओटमनचा घाट अरुंद, केसाच्या पिनेसारखी वळणं, बऱ्याच जागी कठडा नाही. सकाळी करा, अंधारात कधीच नाही. उतारावर ऑटोमॅटिक गाडी 'एल' किंवा 'एस' वर घाला. सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर ब्रेक तापून पकड सुटते. ओटमनच्या रस्त्यावर मोकाट गाढवं खिडकीत तोंड घालतात. दुकानात मिळणारं ठरवून दिलेलं खाद्यच द्या, चिप्स-बिस्किटं नाही, आणि शिंगरांना काहीच देऊ नका, त्यांना ते पचत नाही.

मोहावीत पुलांच्या पडझडीमुळे जुन्या रस्त्याचे तुकडे बंद असतात. आदल्या रात्री सॅन बर्नार्डिनो काउंटीच्या रस्ते विभागाची माहिती बघा. बंद असेल तर आय-४० ने जाऊन केल्बेकर रोडने अँबॉयला उतरता येतं. तिथली १९५९ ची रॉयज पाटी बघून लडलोमार्गे बारस्टो. माणशी एक गॅलन पाणी गाडीत हवंच. गाडी बंद पडली तर तिच्याजवळच थांबा, चालत निघू नका.

पोटपूजा

भाजणी, मेतकूट, चिवडा, गूळपोळ्या आणता येतात, विमानतळावर सगळं जाहीर करा. तांदूळ आणू नका. खपरा किड्यामुळे भारतीय तांदूळ प्रवासी सामानातून न्यायला बंदी आहे. शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवरून तांदूळ, डाळ, लोणचं घ्या आणि तिथलाच छोटा राइस कुकर. घरचा २३० व्होल्टचा कुकर तिथल्या ११०-१२० व्होल्टवर नीट तापत नाही. मऊ भात-मेतकूट-तूप रोज रात्री झालं की सकाळच्या डायनरमध्ये दोघांनी पॅनकेक, हॅश ब्राउन, अंडं खुशाल खावं.

शाकाहारींनी दोन प्रश्न विचारायचे: वाटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी आहे का, आणि न्यू मेक्सिकोत हिरव्या मिरचीच्या रश्श्यात मांस आहे का. दोन्हींचं उत्तर बऱ्याचदा 'हो' येतं. ओक्लाहोमातल्या सेअरजवळ आय-४० वर पंजाबी ट्रकचालकांचा ढाबा आहे. क्लिंटनहून ॲमारिलोला जाताना दुपारचा पराठा तिथे बसतो.

स्वच्छतागृहासाठी मोठे ट्रकथांबे सर्वांत स्वच्छ. जुन्या रस्त्यावर चाळीस-पन्नास मैल काहीच नसतं, म्हणून दिसेल तिथे जाऊन घ्या, गरज वाटण्याची वाट बघू नका.

शेवटचा दिवस आणि गाडी परत करताना

बारस्टोहून निघाल्यावर ओरो ग्रांदेचं बाटल्यांच्या झाडांचं आवार: लोखंडी खांबांवर खोवलेल्या शेकडो बाटल्या, सकाळच्या उन्हात सर्वांत सुंदर. मग लॉस एंजेलिसची गर्दी. निघण्याचा वार रविवार धरला तर पंधरावा दिवसही रविवारच येतो, आणि रविवारी दुपारच्या आत पोचलात तर गर्दी निम्मी असते. 'एंड ऑफ द ट्रेल' ची पाटी सांता मोनिकाच्या धक्क्यावर आहे. ऐतिहासिक शेवट मात्र लिंकन आणि ऑलिंपिक रस्त्यांच्या चौकात. फोटो धक्क्यावर काढा.

गाडी परत करण्याआधी पंपावर टाकी भरा आणि पावती ठेवा. सीटवरचे रंगाचे डाग, पायपुसण्यांवरची माती साफ करा. पुन्हा चारही बाजूंचा व्हिडिओ, इंधनाचा काटा आणि मैलांचा आकडा. कर्मचाऱ्याकडून परतीची पावती घेतल्याशिवाय निघू नका. टोलचं किंवा वेगाच्या दंडाचं बिल काही आठवड्यांनी कार्डावर येऊ शकतं, म्हणून करार आणि पावत्या दोन-तीन महिने जपून ठेवा.